दारू, बँका आणि नियमाचा धनी

कुडाळहून एका तरुणाने मला प्रश्न पाठवला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गोव्यात दारूवर कर कमी, परवाने सुटसुटीत, वाण्याच्या दुकानातही बाटली मिळते, आणि तरी गोवा काही बुडालेला नाही; मग महाराष्ट्र अजून बंधने कवटाळून का बसला आहे? आणि हाच न्याय बँकांना लावला तर काय बिघडेल? रिझर्व्ह बँकेने एवढे नियम घालण्यापेक्षा स्पर्धा होऊ द्यावी, ठेवीदार आपले हित आपण बघेल. पत्राच्या शेवटी एक ओळ सहज लिहिल्यासारखी आहे: वडिलांचे निवृत्तीचे आठ लाख गावातल्या पतसंस्थेत आहेत, सरकारी बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याज मिळते, 'हे स्पर्धेचेच फळ ना?'

मला त्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ही शेवटची ओळ. तिच्याकडे येतो, पण रस्त्यात बरेच काही लागते.

फोंड्यात मी चौतीस वर्षे सनदी लेखापाल म्हणून बसलो. सकाळी बारवाल्यांचे अबकारी परवाने आणि फेणी गाळणाऱ्या भाटीवाल्यांचे अर्ज, दुपारनंतर पतसंस्थांची हिशेबतपासणी. त्यामुळे दारू आणि बँक हे दोन विषय माझ्या टेबलावर शेजारी शेजारीच असायचे. त्यातून एक सवय जडली. अमुक नियम सैल करा अशी मागणी आली की मी विचारतो, या नियमाचा धनी कोण? म्हणजे उद्या हा नियम उठला तर रडत कोण येईल? काही नियमांचा धनी शेजारपाजारचा माणूस असतो, काहींचा सरकारी खजिना, काहींचा आधीच परवाना मिळवून बसलेला धंदेवाला. आणि काही नियम अगदी बेवारशी असतात.

बेवारशी नियमाचा नमुना तुमच्याच घरात आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचे नाव आता महाराष्ट्राचे झाले, पण त्यानुसार आजही दारू पिणाऱ्याकडे परवाना हवा. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूला पाच रुपये, देशीला दोन रुपये. वर्षाचा शंभर, आजन्म हजार रुपये. तुमच्या ओळखीतल्या किती जणांच्या खिशात तो आहे? हा नियम कुणाला दारूपासून वाचवत नाही, तिजोरीतही फारशी भर घालत नाही. तो कामी येतो तो एखाद्याला अडवायचे ठरले की. असले नियम उद्या रद्द करा, माझा आक्षेप नाही.

आता गोव्याच्या 'सुटसुटीत' परवान्यांबद्दल. आमचा अबकारी कायदा १९६४ चा, मुक्तीनंतर तीन वर्षांनी आलेला. बारचा परवाना हवा तर घरपट्टीची पावती, जागामालकाची संमती, पंचायतीचा किंवा पालिकेचा ना हरकत दाखला, बांधकाम कायदेशीर असल्याचा कागद, शाळा आणि देवळा-चर्चपासून शंभर मीटरचे अंतर, शिवाय अन्नसुरक्षेची नोंदणी. एका बाईच्या नवऱ्याच्या नावावर गावात छोटे तावेर्न, म्हणजे दारूचे दुकान, होते. नवरा गेला. परवाना तिच्या नावावर करायला एका कचेरीने साडेसात महिने लावले, कारण घरपट्टीवर अजून सासऱ्याचे नाव होते. त्या साडेसात महिन्यांत तिच्या दुकानाला कुलूप, आणि रस्त्यापलीकडचा बार मात्र जोरात. तेव्हा गोव्यात दारूला नियम नाहीत हा समज आधी काढून टाका. आमच्याकडे दारूची लाज कमी आहे, कागद भरपूर आहेत.

तरीही संख्या मोठी आहे हे खरे. २०१७ च्या सुमारास राज्यात बारा हजारांच्या आसपास परवाने होते आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. म्हणजे तान्ही बाळे धरून साधारण सव्वाशे माणसांमागे एक परवाना. पर्यटक हिशेबात धरले तरी हा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आणि 'गोवा बुडाला नाही' हे कुणी ठरवायचे? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २१ च्या, गोव्यात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी जवळजवळ ३७ टक्क्यांनी दारू पितो असे सांगितले. देशाचा आकडा १९ च्या आसपास, महाराष्ट्राचा सुमारे १४. याच पाहणीत एप्रिल २०१६ पासून पूर्ण दारूबंदी असलेल्या बिहारचा आकडा १५ च्या वर आहे, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा जास्त. आता यातून हवा तो अर्थ काढता येतो. मोकळीकवाला म्हणेल बंदीने काही होत नाही. बंदीवाला म्हणेल गोव्याकडे बघा. मला एवढेच दिसते की पिण्याचे प्रमाण कायद्याच्या एका फटक्याने वर-खाली होत नाही, त्यात घरची रीत, हातातला पैसा आणि शेजारच्या राज्याची हद्द हे सगळे येते.

हद्दीचे प्रकरण जुने आहे, आणि मला ते फार आवडते म्हणून थोडे सविस्तर सांगतो. १८७८ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. शाळेत तो मुरगावच्या रेल्वेसाठी शिकवतात. पण त्याच कराराने इंग्रजी मुलखातली अबकारी पद्धत गोव्यात आली आणि मिठाचा धंदाही इंग्रजांच्या हाती गेला. कारण सरळ होते: गोव्याची स्वस्त दारू आणि स्वस्त मीठ घाटावर उतरले की इंग्रजांचा महसूल बुडायचा. मग कर बसला तो माडाची सूर काढणाऱ्या आमच्या रेंदेराच्या माडावर, झाडागणिक. नियम गोव्यात, धनी मुंबईत. १८९२ च्या आरंभी करार संपला, पण हद्दीवरची ती भानगड अजून तशीच आहे. मद्य कंपन्यांच्या संघटनेने २०२३ साली केलेली तुलना वर्तमानपत्रांत आली होती: जी बाटली गोव्यात १०० रुपयांना, ती महाराष्ट्रात सुमारे २२६ ला आणि कर्नाटकात ५१३ ला. छापील किमतीत कराचा वाटा गोव्यात ४९ टक्के, महाराष्ट्रात ७१, कर्नाटकात ८३. (तुलना करणारे कंपनीवालेच, त्यामुळे कर वाईट हे सांगण्यात त्यांना रस आहे, पण किमतीतली तफावत मी दोन्हीकडच्या दुकानांत स्वतः पाहिली आहे.) त्यात महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेले. तिकडे कर वाढला की इकडे पात्रादेवीची हद्द ओलांडणाऱ्या गाड्यांच्या डिक्क्या जड होतात आणि बांदा-इन्सुलीच्या नाक्यावर पोलिसांचे काम वाढते. आमच्या मोकळेपणाची किंमत काही अंशी सिंधुदुर्ग भरतो, हे तुम्ही कुडाळला बसून माझ्यापेक्षा जास्त जाणता.

संविधानाने हा विषय राज्यांना दिला आहे, मद्यावरचे उत्पादनशुल्कही राज्यांचेच. २०१७ ला वस्तू आणि सेवा कर आला तेव्हाही पिण्याची दारू त्यातून बाहेर ठेवली गेली. कोणतेही राज्य हे दुभते जनावर सोडायला तयार नाही. म्हणून दारूच्या मोकळिकीची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न आरोग्याचा दिसतो, पण बहुतेक वेळा पोटात महसुलाचा हिशेब असतो. त्यात गैर काही नाही, फक्त तो हिशेब उघड मांडावा.

आता फेणी, कारण मोकळीक म्हणजे काय हे मला सगळ्यात स्पष्ट तिच्यात कळले.

काजूचा हंगाम मार्च ते मे. पहाटे बोंडे वेचायची, बी पिरडून वेगळी करायची, कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडीत, तुडवून रस काढायचा, तो दोन-तीन दिवस आंबला की भाटीवर चढवायचा. पहिल्यांदा निघतो तो हुर्राक, तो पुन्हा रसाबरोबर भाटीवर गेला की फेणी. हे काम करणारी माणसे सत्तरी, सांगे, पेडणे, काणकोण अशा तालुक्यांतली, हातात रोकड नसलेली. ही फेणी कायद्याच्या पुस्तकात कित्येक दशके 'देशी दारू' होती. या दोन शब्दांनी तिचे पाय बांधले. देशी दारू म्हटले की दुसऱ्या राज्याच्या नियमांत ती सगळ्यात खालच्या पायरीवर जाते, चांगल्या हॉटेलच्या यादीत येत नाही, बाहेर पाठवायची तर परवान्यांचे जंगल. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. ते मिळाल्यावरही कायद्यात ती देशीच राहिली. २०१६ मध्ये अबकारी कायद्यात दुरुस्ती करून तिला वारसा मद्याचा दर्जा दिला गेला, आणि २०२१ ला तिच्यासाठी वेगळे धोरण आले.

इथे नेमके काय झाले ते बघा. एक नियम काढला, दुसरा घातला. काढला तो वर्गवारीचा, ज्याचा धनी कुणीच नव्हता. घातला तो मानांकनाचा, आणि तो चांगलाच कडक आहे: काय घालायचे, कसे गाळायचे, कुठे गाळायचे हे सगळे त्यात बांधलेले. मोकळीकवाल्या मित्राला मी विचारले, मानांकन पण बंधनच ना, काढायचे का? तो गप्प बसला. कारण ते काढले तर उद्या कुठलाही कारखाना मळीच्या अर्कात वास घालून फेणी म्हणून विकेल आणि सत्तरीतला भाटीवाला मेलाच म्हणून समजा.

मात्र फेणीतला एक नियम मला अजून खुपतो, तो पावणीचा. अबकारी खाते काजूचे पट्टे पाडून लिलाव करते. बोली जिंकेल त्याला त्या पट्ट्यात रस गाळण्याचा हक्क. एके काळी सरकारला कर गोळा करण्याची ही सोपी रीत होती: शंभर भाट्यांच्या मागे फिरण्यापेक्षा एका बोलीदाराकडून रक्कम घ्या. आज याचा फायदा ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्याला. लहान माणूस बोली लावत नाही, बोलीदाराला रस किंवा बोंडे घालतो, मिळेल त्या दरात. सैल करायचेच तर सरकारने इथून सुरुवात करावी.

दिल्लीत २०२१ च्या नोव्हेंबरात जे धोरण आले त्यात मला ही पावणीच दिसली, फक्त करोडोंच्या मापात. सरकारने किरकोळ विक्रीतून अंग काढून घेतले, शहराचे ३२ पट्टे पाडले, प्रत्येक पट्टा बोलीने दिला, ८४९ दुकानांची योजना. काही महिन्यांत एकावर एक बाटली फुकट मिळू लागली, लहान दुकानदार दमले, चौकशी लागली, आणि ३१ ऑगस्ट २०२२ नंतर सगळे गुंडाळून विक्री पुन्हा सरकारी दुकानांकडे गेली. भ्रष्टाचाराचे काय ते न्यायालय बघेल. मला दिसलेली चूक साधी आहे: सरकारची मक्तेदारी काढली असे म्हणत बत्तीस छोट्या मक्तेदाऱ्या उभ्या केल्या. धनी बदलला, नियम तसाच.

महाराष्ट्राचा २०२२ चा वाइनचा वाद याच्या मानाने किरकोळ होता. हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या दुकानात वेगळ्या कपाटात वाइन ठेवायला जानेवारीत मंत्रिमंडळाने मान्यता दिली, अण्णा हजारे उपोषणाला बसायला निघाले, विरोधकांनी 'मद्यराष्ट्र' म्हणून ओरड केली, आणि निर्णय अमलात न येताच राहिला. आमच्याकडे पसरकाराच्या, म्हणजे वाण्याच्या, दुकानात तांदळाच्या गोणीपलीकडे बाटल्या दिसणे नवे नाही. पण म्हणून मी तुम्हाला 'काही होत नाही' असे सांगणार नाही. पसरकार गावातला असतो, कुणाच्या मुलाला बाटली दिली तर संध्याकाळी मुलाचा बाप दारात उभा राहतो. मोठ्या दुकानातल्या गल्ल्यावरच्या पोऱ्याला ते भय नाही. दुकानाचा आकार मोठा ठेवला म्हणजे विक्री जबाबदार होते, हा तर्क मला उलटा वाटतो.

दारूचे नियम सैल करणे सोपे आणि परत आवळणे किती अवघड, हे आम्ही महामार्गांच्या वेळी पाहिले. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरांत दारूविक्री बंद केली, १ एप्रिल २०१७ पासून. नंतर वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना २२० मीटरची सवलत दिली. गोव्यात गावेच रस्त्याला चिकटून वसलेली. तीन हजारांवर परवाने एका फटक्यात अडकले. माझ्या कचेरीसमोर त्या मार्चमध्ये रांग असायची. लोक टेप घेऊन रस्ते मोजत होते. केरळात एका बारने दारापुढे भिंती बांधून असा चक्रव्यूह केला की चालत जायचे अंतरच वाढले. काही राज्यांनी महामार्गाला महामार्ग म्हणणेच सोडले, कागदावर तो जिल्हा रस्ता झाला. शेवटी २०१७ च्या जुलैत पालिका हद्दीला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत गावांनाही राज्याच्या विवेकावर सूट मिळाली. या नियमाचा धनी होता रस्त्यावर मरणारा माणूस, पण तो बोलायला येत नाही. परवानाधारक येतात, संघटना करून येतात.

माझे मत विचाराल तर दारूच्या बाबतीत शंभर मीटरचा नियम, वयाचा नियम आणि ग्रामसभेचा आवाज या तिन्हीला हात लावू नये. वर्गवारी, पावणी, परवाना वारसाच्या नावावर करण्याची यातायात, दरवर्षीचे नूतनीकरण, पिण्याचा परवाना हे सगळे खुशाल सैल करा. आणि जे पैसे येतात त्यातला थोडा वाटा पिणाऱ्यांच्या उपचाराला द्या. गोव्यातच संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला होता. डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे, जास्तीत जास्त चार बैठका. ३७७ अतिरेकी पिणाऱ्या पुरुषांवरच्या या अभ्यासात तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. निष्कर्ष २०१७ ला 'द लॅन्सेट'मध्ये छापून आले. दहा टक्क्यांचा फरक छोटा वाटेल, पण ज्या घरातला माणूस त्या दहांत असतो त्यांना विचारा.

आता बँका. दारूचे दुकान आणि बँक यांत मला एक मोठा फरक दिसतो. बारमध्ये काही बिघडले तर ते त्याच रात्री रस्त्यावर दिसते. बँकेत बिघडले तर ते पाच वर्षे ताळेबंदात शहाण्यासारखे बसून राहते. म्हणून दोघांना एकच न्याय लावता येत नाही.

बँकांतही बेवारशी आणि खजिन्याचे नियम होतेच. १९९१ च्या सुमारास बँकेत आलेल्या शंभर रुपयांपैकी साडेअडतीस सरकारी रोख्यांत आणि पंधरा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावे लागत. साडेत्रेपन्न रुपये अडकलेले. याचा धनी सरकार, कारण त्याला स्वस्त कर्ज मिळायचे. बँकांच्या सुधारणा सुचवणाऱ्या नरसिंहम समितीनंतर ते सैल झाले, बरे झाले. १९९३ मध्ये नव्या खासगी बँकांना दार उघडले, १९९४ ला दोन लाखांवरच्या कर्जांचे व्याजदर मोकळे झाले. यामुळे फोंड्याच्या बाजारात पहिल्यांदा बँकेचा माणूस स्वतः दुकानदाराकडे आला. त्याआधी दुकानदार व्यवस्थापकाच्या केबिनबाहेर बाकावर बसायचा.

पण मोकळीक दुधारी असते हे २०११ मध्ये कळले. ऑक्टोबरात बचत खात्याचे व्याज बँकांनी स्वतः ठरवावे असे झाले. वर्तमानपत्रांत आनंद: आता ठेवीदाराला जास्त मिळणार. काही नव्या खासगी बँकांनी सहा-सात टक्के दिलेही. पण बहुसंख्य लोकांचे खाते होते त्या स्टेट बँकेने चारच ठेवले, पुढे साडेतीन, २०२० मध्ये पावणेतीनच्याही खाली, आणि जून २०२५ पासून अडीच. साध्या खातेदाराला या मोकळिकीने काय दिले? चार टक्क्यांचा तळ काढून टाकला. बचत खाते बदलायला कुणी उन्हातान्हात जात नाही, हे बँकांना पक्के ठाऊक होते.

हे सगळे मी सहन करतो. जे सैल करू नये ते दुसरेच आहे: एका माणसाला किती कर्ज द्यायचे याची मर्यादा, संचालकांच्या गोतावळ्याला कर्ज देण्यावरची बंदी, आणि तपासणी. या तिन्हीचा धनी ठेवीदार, आणि त्याला आपण धनी आहोत हे माहीतही नसते.

एका पतसंस्थेच्या तपासणीत मला तीन कर्जदार सापडले होते, आडनावे वेगळी, गावे वेगळी. तिघांचे हप्ते दर मार्चला एकाच दिवशी, एकाच शाखेत, रोख भरलेले. एप्रिलमध्ये तिघांना पुन्हा तेवढेच नवे कर्ज. म्हणजे जुने थकलेले नव्याने झाकायचे. तिघांना हमीदार एकच, आणि तो एका संचालकाचा मेहुणा. ताळेबंदात थकबाकी जवळजवळ शून्य, लाभांश दहा टक्के, सभेत टाळ्या. मी शेरा लिहिला. पुढच्या वर्षी ती तपासणी माझ्याकडे आली नाही.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत उघड झाली. एका बांधकाम समूहाला दिलेली कर्जे एकवीस हजारांवर बनावट खात्यांत लपवलेली, आणि एकूण कर्जांतला जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा त्याच समूहाचा. ठेवीदारांना पहिला आदेश आला तो सहा महिन्यांत हजार रुपये काढता येतील असा. गोव्यातही हे दुखणे आम्ही सोसले आहे. म्हापसा अर्बन बँकेवर २०१५ पासून निर्बंध होते, एप्रिल २०२० मध्ये तिचा परवाना रद्द झाला. जुलै २०२१ मध्ये मडगाव अर्बनचाही. मडगावच्या वेळी रिझर्व्ह बँकेने सांगितले की सुमारे ९९ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल. ती मिळण्याची सोय झाली कारण ठेव विम्याची मर्यादा, जी १९९३ पासून एक लाखावर अडकली होती, फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. हेही बंधनच आहे, बरे का. विम्याचा हप्ता बँकेने भरायचा असतो.

बँक कितीही मातब्बर असली तरी ठेवीदाराचे काय होऊ शकते हे गोवेकरांच्या पिढीने आणखी एका प्रकाराने पाहिले. बांको नासियोनाल उल्त्रामारिनो ही पोर्तुगीज बँक १८६८ पासून गोव्यात होती, नोटाही तीच काढायची. लोक तिच्याकडे दागिने तारण ठेवत. १९६१ च्या डिसेंबरात मुक्ती झाली तेव्हा ते सोने लिस्बनला पोचलेले होते. परत यायला १९९१ उजाडले. तीस वर्षांत कितीतरी पावत्यांचे धनी स्मशानात आणि सिमितेरीत गेले. माझ्या आजीची एक पावती आमच्या कपाटात बरीच वर्षे होती. वहिनीने रंगकाम करताना ती फेकली.

अमेरिकेत या दोन विषयांची गंमत झाली होती. १९३३ साली तिथे दारूबंदी उठली, आणि त्याच साली ठेवी घेणाऱ्या बँकांना शेअर-रोख्यांच्या सट्ट्यापासून वेगळे करणारा कायदा आला. एक कुलूप उघडले, दुसरे लावले. १९९९ मध्ये त्या दुसऱ्या कुलपातली मुख्य कडी काढली गेली, नऊ वर्षांनी काय झाले ते जगाने भोगले. सगळा दोष त्या एका कायद्याला देणारे आहेत, न देणारेही आहेत, मी मधला. आपल्याकडे उलट नमुना गुजरातचा. तिथे दारूबंदी, पण २०२३ च्या डिसेंबरात गिफ्ट सिटी या आर्थिक केंद्रात मद्याला मुभा दिली, म्हणजे परदेशी बँकवाले यावेत. बँका याव्यात म्हणून दारू मोकळी! हे वाचून मी एकटाच हसलो होतो.

दारू आणि बँक माझ्या टेबलावर खऱ्या अर्थाने एकत्र यायची ती भाटीवाल्याच्या अर्जात. हंगामाला त्याला साठ-सत्तर हजार लागतात: वेचणाऱ्यांची मजुरी, लाकूड, भांडी. बँक विचारते तारण काय? जमीन भाटकाराची म्हणजे जमीनदाराची, नाहीतर कोमुनिदादीची म्हणजे गावसंस्थेची, किंवा वनखात्याची. आंबत असलेला रस तारण म्हणून कोण घेणार? मग तो व्यापाऱ्याकडे जातो, व्यापारी आगाऊ पैसे देतो आणि फेणीचा दर त्याच वेळी आपण ठरवतो. वास्तविक दहा लाखांपर्यंत छोट्या उद्योगाला तारण मागू नये असा दंडक रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच घातला. हा नियम काढा असे कुणी म्हणत नाही, कारण तो पाळायला कुणी लावत नाही. मी चार वेळा हे परिपत्रक छापून व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवले. एकदा कर्ज मिळाले, तेही व्यवस्थापक सत्तरी तालुक्यातला होता म्हणून.

तेव्हा, मित्रा, महाराष्ट्राने काय करावे ते महाराष्ट्र ठरवेल. वडिलांच्या आठ लाखांचे मात्र या महिन्यातच बघा. पतसंस्था ही बँक नाही. तिच्यावर देखरेख सहकार निबंधकाची, रिझर्व्ह बँकेची नाही, आणि ठेव विमा महामंडळाचे पाच लाखांचे संरक्षण पतसंस्थेतल्या ठेवीला लागू होत नाही. ते दोन टक्के जास्त व्याज या न मिळणाऱ्या संरक्षणाची किंमत आहे. मी पैसे काढाच असे म्हणत नाही. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था मी पाहिल्या आहेत आणि माझेही थोडे पैसे एकीत आहेत. पण वडिलांना सोबत घेऊन संस्थेत जा आणि गेल्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल मागा. ते सभासद असतील तर तो त्यांचा हक्क आहे. लेखापरीक्षणाचा वर्ग अ आहे की ब हे बघा, पण तेवढ्यावर विसंबू नका. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जाची रक्कम बघा. थकबाकी शून्याच्या जवळ असेल तर खूश होण्याआधी मार्चमधली वसुली आणि एप्रिलमधले कर्जवाटप शेजारी ठेवा. लेखापरीक्षक दरवर्षी बदलला असेल तर का, ते विचारा. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली तर पाच लाखांपर्यंतची रक्कम सरळ बँकेत हलवा, आणि उरलेले तीन दुसऱ्या बँकेत, कारण विमा दर बँकेमागे वेगळा मोजतात.